लाटसाहेब

दौंडला समुद्र नाही, हे आमच्या मामाला कुणीतरी एकदा बसवून सांगायला हवं होतं. नळाला पाणी आलेलं नसायचं, मामी रिकाम्या बादल्या मांडून बसलेली, आणि हा रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावर मोबाइल बघत जाहीर करायचा, "आज मालवणला लाट झकास हाय." मामी म्हणायची, "मग बादली घिऊन जावा तिकडं."

लाटसाहेब हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलेलं. साहेब कसला, रेल्वेत फिटर. एका सुट्टीत कोकणात गेला, तिथल्या पोरांनी त्याला लाटेवर फळीवर उभं केलं, आणि तेव्हा जे डोकं फिरलं ते काही जागेवर आलं नाही. पुढे स्वतःची फळी घेतली. रजा मिळाली की ती काखोटीला मारून स्वारी स्टेशनवर हजर. गाडीत कुणी विचारायचं, "काका, इस्त्रीचं टेबल कुठं नेताय?" बिचाऱ्याला काय ठाऊक, आता पार केडगाव येईपर्यंत सुटका नाही. पुढच्या वेळी तीच माणसं डबा बदलून बसायची.

आमच्याकडे शिरूरला झेंडूच्या तोडणीला मदतीला म्हणून यायचा. मदत म्हणजे काय, तर बांधावर पोतं अंथरून त्यावर पालथं पडायचं. "असं हातानं पाणी मागं वढायचं. लाटंनं मागनं रेटलं की एका दमात उभं. गुडघा टेकला की गेलास. आन् पायाकडं बघायचं न्हाई, किनाऱ्याकडं बघायचं." की पुन्हा पालथा. बायका फुलं तोडायची सोडून तोंडाला पदर लावून बघत बसायच्या. वडील म्हणायचे, "लाटसाहेब, किनारा त्या वाफ्यात हाय. जरा वाकून बघा."

एका दिवाळीत आम्हा सगळ्यांना समुद्रावर घेऊन गेला. गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला कॅमेरा, स्वतः छातीभर पाण्यात. "पोज नको. लाट बसू द्या अंगावर." लाट थोबाडीत बसली रे बसली, की हा फोटो काढणार. एकूण एक फोटोत आमचे डोळे मिटलेले, आईचा पदर तोंडावर, वडील कुणाला तरी शिवी देताना. पाहुण्यांना दाखवावा असा एकही नाही. विचारलं तर वर म्हणतो कसा, "सावरल्यावर समदीच चांगली दिसत्यात. त्यात काय बघायचं?"

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. उभं राहायचा सराव केला तर चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण हा पठ्ठ्या खाटेवरून उतरेना. जन्मभर दुनियेला उभं राहायला शिकवलं आणि स्वतःवर वेळ आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडला. मला त्याचा संताप आला. त्याहून जास्त भीती वाटली, की हा आता असाच राहणार.

आई मला घेऊन दौंडला गेली. खाटेशी गेली, धाकट्या भावाच्या काखेत हात घातला. तो मान खाली घालून पाय बघत राहिला. "पायाकडं काय बघतोस?" आई म्हणाली. "किनाऱ्याकडं बघ."

किनारा म्हणजे दारात मोबाइल धरून उभी असलेली मी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि उठला. झोकांडी गेली, तोंड वाकडं झालं, डोळे घट्ट मिटले, लुंगी सुटायला आली. तेवढ्यात मी फोटो काढला.

"सावरू तरी द्यायचं व्हतं," तो जड जिभेनं पुटपुटला.

"पोज नको," मी म्हटलं.

पुढे तो ओट्यापर्यंत चालायला लागला. तिथे बसून मालवणच्या लाटेची बातमी पुन्हा सुरू झाली, आणि मामीचं बादलीचं बोलणंही. समुद्र मात्र त्याला परत दिसला नाही. दुसऱ्या झटक्यात गेला.

दहाव्याला मामीनं माझ्याकडून तोच फोटो मागून घेतला आणि मोठा करून मांडला. बघून पाहुण्यांनी नाकं मुरडली. तिचा भाऊच म्हणाला, "असला कसला गं लावलास? लग्नातला सुटातला हाय की चांगला."

मामी हार सारखा करत होती. म्हणाली, "त्यात बसल्यात. ह्यात उभं हायेत."