काळविटाचं डोकं आणि बोकडाची मुंडी

ती गोणी आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन घरी बसलोय, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बायको म्हणते जुनं उकरू नका. पण हे उकरलंच पाहिजे.

तेव्हा मी भूमच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एक मोठा माळ होता. कुसळी गवत, बोरी-बाभळी, मधेच मुरमाचे उघडे पट्टे. त्या माळावर काळविटांचा एक कळप असायचा. पूर्वी असे कळप चहूकडं दिसायचे म्हणतात. आमच्याकडं हा एवढाच उरला होता. त्यात पुरा काळा झालेला, पिळदार शिंगांचा मोठा नर एकच. एसटीतली माणसं खिडकीतून एकमेकांना तो दाखवायची.

एका सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "माळावर शिकार झालीय. पारधी जागल्या हाय ना, त्येच्या झोपडीमागं गोणी हाय. बघून घ्या." आणि फोन बंद.

वनरक्षकाला बोलावलं, दोन पंच घेतले आणि गेलो. हा जागल्या एका शेतकऱ्याच्या पिकाची राखण करायचा. झोपडीमागं तुराट्यांच्या ढिगाखाली खरंच गोणी निघाली, तोंड सुतळीनं घट्ट बांधलेलं. भोवती अर्धं गाव जमलं. हवालदार गाठ सोडायला वाकला, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. गावातले मोठे बागायतदार बोलत होते.

"साहेब, मुंडकं घावलं म्हनं. आता कशाला ताणताय? टाका त्येला आत आन मोकळं व्हा."

मी म्हणालो, "कसलं मुंडकं?"

तिकडचा आवाज एकदम उतरला. मग, "न्हाय, लोक बोलत्यात…"

लोक तर माझ्याभोवतीच उभे होते, आणि गोणीत काय आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. पोलिसांचं निम्मं काम असली उतावळी माणसंच करून देतात. मी फोन खिशात टाकला आणि गोणी सोडायला लावली. आत त्याच नराचं डोकं होतं. शिंगं शाबूत, डोळे उघडे, कानामागं गोळीची जखम. वनरक्षकानं एक सणसणीत शिवी हासडली आणि तोंड फिरवलं.

जागल्या हात जोडून उभा होता. त्याची बायको मात्र हात जोडणाऱ्यातली नव्हती.

"साहेब, कुटं बी कायबी मेलं की आमचंच घर दिसतंय व्हय तुमाला? ह्यो मारंल आन मुंडकं घरामागं झाकून ठिवंल? एवढा येडा हाय का ह्यो? आन बंदूक कुटली आनली? घरात धड इळा न्हाय!"

बाईचं काय चुकलं होतं? झोपडीची झडती घेतली. रक्ताचा डाग नाही, कातडं नाही, मांसाचा तुकडा नाही. चुलीजवळ पिठल्याचं भगुणं आणि भाकरी. तरी एक पंच मला शहाणपण शिकवत होता, "साहेब, पारध्याबिगर दुसरं कोन मारनार?" मी त्याला म्हणालो, पंचानं डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं असतं, पोटातलं नाही.

संध्याकाळपर्यंत आणखी फोन आले, त्यातला एक वरून. सगळ्यांचा सूर तोच. मुद्देमाल आहे, माणूस आहे, संपवा. अहो, काय संपवा? त्याला आत घेतलं असतं तर फाईल मिटली असती आणि मारणारी बंदूक माळावर मोकळी राहिली असती. एका नराच्या जिवावर उभा असलेला कळप, तो नर गेला. पुढच्या वेळी त्या बंदुकीपुढं माद्या होत्याच!

आदल्याच दिवशी, रविवारी, बागायतदारांच्या मळ्यात पाहुण्यांना जेवण झालं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यांना, त्यांच्या ड्रायव्हरला आणि आचाऱ्याला ठाण्यात बोलावलं. बागायतदार इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात आले आणि बसा म्हणायच्या आधीच खुर्चीवर बसले. तिघांचा जबाब एकच: "बोकड कापला, गावात वाटे घातले, राहिलेलं पाहुण्यांना केलं." शब्दसुद्धा तेच. खरं सांगणारी माणसं एकमेकांचं थोडंफार खोडून काढतात. पाठ केलेलीच अशी एका सुरात बोलतात.

आता मी कळंबकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. वाटे घालताना लहानपणापासून पाहत आलोय. चार घरं मिळून बोकड घेतात, मटणाचे सारखे ढीग लावतात, त्यावर कुणाचं भांडण नसतं. भांडण होतं ते मुंडीवरून. मुंडी एकच, आणि ती ज्याच्या घरी जाते त्याचं नाव गाव विसरत नाही. मुंडीवरून डोकी फुटून ठाण्यात आलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. म्हणून तिघांना वेगवेगळं बसवलं आणि एकच प्रश्न केला, मुंडी कुणी नेली?

बागायतदार म्हणाले, "आचाऱ्याला दिली. त्येचा मान असतो."

आचारी म्हणाला, "मालकांनीच ठिवली की."

आणि ड्रायव्हर भिंतीकडं बघत म्हणाला, "टाकून दिली साहेब."

मला हसूच फुटलं. "टाकून दिली? अरे, आपल्याकडं बोकडाची मुंडी टाकून देणारा एक माणूस मला दाखव, ठाण्यातर्फे सत्कार करतो त्याचा! वजरीपण टाकलीस? पाय? कातडं?"

त्यानं पाणी मागितलं. पाणी दिलं, तेव्हा बोलायला लागला.

"बोकड नव्हताच साहेब. मालकांनी जीपमधनंच बार टाकला. ते पळालंच न्हाय. रस्त्यावर गाड्या थांबून लोक बघायचे ना त्येला, तसंच वाटलं आसंल. उभं राहून आमच्याकडं बघत हुतं."

मग एकेक गोष्ट निघत गेली. कातडं मळ्यातल्या उकिरड्यात पुरलेलं, उरलेलं मांस फ्रिजमध्ये. बंदूक परवान्याची होती, पिकाच्या संरक्षणासाठी दिलेली! सकाळचा निनावी फोन यानंच केला होता, आणि गोणीही यानंच नेऊन टाकली होती. का, तर मालक म्हणाले होते, "पारध्याच्या घरामागं टाक, कुणी इचारनार न्हाय."

कुणी विचारणार नाही. शिकारीपेक्षाही या वाक्याची मला जास्त चीड आली, अजूनही येते. जनावर मारायचं स्वतःच्या जिभेसाठी आणि पाप ठेवायचं गरिबाच्या दाराशी. वर पुन्हा गावकी तुमच्याच बाजूनं मान डोलावणार!

मुद्देमाल आणि आरोपी वनविभागाकडं दिले, बंदूक जप्त केली, परवाना रद्द करायचा प्रस्ताव पाठवला. बागायतदार जामिनावर सुटले तेव्हा गावानं हार घातले. हारच, बरं का! आणि ज्याच्यावर गुन्हासुद्धा नोंदलेला नव्हता, त्या जागल्याचं काम गेलं. शेतमालक म्हणाला, ज्याच्या दारात पोलीस आले तो माणूस नको.

काही दिवसांनी जागल्या ठाण्यात आला. उभाच राहिला.

"साहेब, एक कागद द्या. म्या न्हाय मारलं म्हनून."

ठाणे अंमलदारानं माझ्याकडं पाहिलं. आमच्याकडं अटकेचा कागद असतो, झडतीचा असतो, जप्तीचा असतो. असा कागद नसतो. मी त्याला समजावलं, "अरे, तुझं नाव गुन्ह्यात कुठंच नाही. मग कागद कशाला?"

तो म्हणाला, "नाव कुटंच न्हाय, पर गोनी माज्याच घरामागं घावली. म्होरल्या बारीला तुमी नसाल."

पुढं माझी बदली झालीच. मला या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच, की माळावरचं जनावर वाचवायचं असेल तर पोलिसानं नेहमीच्या दाराकडं पाय वळवायचा नाही. खरा मारणारा त्याच पायांच्या भरवशावर असतो.

त्याला कागद देता आला नाही, ते आजही खुपतं. या लिखाणात कुणाचंच नाव घ्यायचं नाही असं ठरवलंय, म्हणून त्याचंही घेत नाही. पण भूमच्या माळावरचं ते काळवीट त्या जागल्यानं मारलं नव्हतं. हे मी लिहून देतो.