नाव न सांगणारा फोन

परवा सोमवारी दुपारी साखऱ्याला काकूकडे गेलो होतो. तिच्या मुलीला, सुमनला, कळमनुरीला सासरी मुलगी झाली म्हणून पेढे नेले होते. काकूने पेढा घेतला, पण तोंडात घातला नाही... हातातच धरून बसली.

मी हिंगोलीत मोबाईल अ‍ॅप बनवतो. काकूला वाचता येत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी तिच्या फोनसाठी एक छोटं अ‍ॅप केलं होतं. फोन वाजला की ते मोठ्याने नाव सांगायचं... ‘सुमन’, ‘शेळ्यांचे डॉक्टर’. सोबत एक नियमही शिकवला होता. नाव आलं नाही तर उचलायचा नाही, फसवणारे असतात.

कॉल करणाऱ्याचं नाव मिळवायचा एक अधिकृत रस्ता असतो. त्यात परवानग्या मागाव्या लागतात, वेळ जातो. मला सिस्टिमच्या आत एक आडवाट सापडली. फोनची सिस्टिम बनवणाऱ्यांनी स्वतःच्या कामासाठी ठेवलेली, माहितीपत्रकात कुठेच नोंद नाही... म्हणजे उद्या ती राहील असा शब्दही कुणी दिलेला नाही.

काम करताना दर वेळी कॉम्प्युटरवर पिवळ्या अक्षरांत इशारा यायचा. चालतंय ना, म्हणून मी पुढे जायचो.

त्याहून वाईट म्हणजे, नाव मिळालं नाही तर अ‍ॅपने गप्प राहायचं, हेही मीच लिहिलं होतं. काकू उगाच गोंधळू नये म्हणून...

गेल्या आठवड्यात फोनचं अपडेट आपोआप झालं आणि ती वाट बंद झाली. फोन वाजायचा, नाव यायचं नाही.

सुमनचे दिवस भरले होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, हे दुसरं सासरी. कळा सुरू झाल्या की तिने फोन करायचा आणि काकूने लगेच निघायचं, असं ठरलं होतं. कळा सुरू झाल्या त्या सकाळी काकू शेळ्या घेऊन माळावर होती. सुमनने सात वेळा फोन केला... काकूने सातही वेळा तो वाजू दिला.

जावयाने शेवटी शेजाऱ्यांकडे निरोप दिला, तोवर बाळ होऊन गेलं होतं.

काकूचा फोन तपासल्यावर हे माझ्या लक्षात आलं. मी तिला सगळं सांगितलं, माफी मागितली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“तूच सांगितलं व्हतं ना, नाव न्हाई आलं तर उचलायचं न्हाई. मी बराबर तसंच केलं,” ती म्हणाली. “शेळ्यांना बी म्हणलं, कोण मेला सारखा फोन करून राहिला.”

हिंगोलीला परतल्यावर सुमनला फोन केला. लेकरू ठीक आहे, तीही ठीक आहे.

“मला वाटलं दादा, मी सासरीच राहिले म्हणून आई रागावली,” ती म्हणाली. “मंग मी बी मनात तिला लई बोलले.”

अ‍ॅप आता अधिकृत रस्त्याने नव्याने लिहितोय. नाव सांगायला त्याला एखादा सेकंद जास्त लागतो, आणि नाव मिळालं नाही तर तसं स्पष्ट बोलतं. काकूच्या फोनमध्ये टाकायचं की नाही, ते मात्र ती ठरवेल.

कळा सोसताना एका मुलीच्या मनात आपल्या आईबद्दल जे आलं, ते माझ्या आळसामुळे आलं. तरी सुमनने माझा फोन पहिल्याच रिंगला उचलला... त्याबद्दल तिचे आभार मानायचं राहूनच गेलं.