दुधनीची सकाळची पॅसेंजर

दुधनीहून सोलापूरला मी बावीस वर्षं अपडाऊन करतोय. एवढ्या वर्षांत रेल्वेनं मला एकच गोष्ट शिकवली, ती म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा नाही. भोंग्यातली बाई 'गाडी थोड्याच वेळात येत आहे' म्हणाली की मी खुशाल दुसरा चहा सांगतो. मोबाइलवर गाडी आमच्या फलाटावर उभी दिसते आणि समोर रुळाकडेला निवांत शेळ्या चरत असतात. आम्ही अपडाऊनवाले फक्त मिस्ड कॉल मानतो. मागच्या स्टेशनात आमच्यातलाच एकजण चढतो, गाडी हलली की तो एक रिंग देतो, आणि ती रिंग वाजली की आम्ही घरातून निघतो. फोन उचलायचा नाही, ही रीत.

आमच्या शेजारी एक गँगमन राहतो. रुळांखालची खडी भरणं, रुळांखालनं पाणी जायच्या मोऱ्या बघणं हे त्याचं काम. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या भागात रुळांचं काम निघालं आणि रोज कसला ना कसला ब्लॉक सुरू झाला. तेव्हापासून हा गृहस्थ संध्याकाळी आमच्या फाटकाशी येऊन सांगायचा, "अण्णा, उद्या गाडीच्या भरवशावर ऱ्हाऊ नका." मग सगळे अपडाऊनवाले वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं घेणाऱ्या जीपमध्ये कोंबून घेऊन जायचे. ती जीप त्याच्या पुतण्याची. दोन वेळा मी मुद्दाम स्टेशनात गेलो, तर दोन्ही वेळा गाडी आली. एकदा अर्धा तास उशिरा, पण आली. कुठंतरी पाणी मुरतंय हे कळायला मला शहाण्या माणसाची गरज नव्हती. त्यानंतर मी त्याच्याशी तोंडदेखलं बोलायला लागलो.

त्याच सुमारास माझ्या मुलीची नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा आली. केंद्र सोलापुरात, नवाच्या ठोक्याला गेट बंद. हुकली तर वर्ष घरात, आणि घरात तर स्थळांचे फोन सुरू झालेले. एकदा घरात बसली की हिचं शिक्षण संपलं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

आदल्या दिवशी दुपारपासून परतीचा पाऊस झोडपत होता. संध्याकाळी गँगमन आला, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. "अण्णा, मागल्या स्टेशनाकडच्या मोरीखाली लई पानी हाय. खडी वाहून चाललीया. पोरीला गाडीनं न्हेऊ नका."

"मग कशानं नेऊ? पुतण्याच्या जीपनं?" मी विचारलं.

तो फाटकाशीच थांबला. मी आत वळलो, आणि थोड्या वेळानं बघतो तर मुलगी फाटकाशी उभी आणि तो तिच्याशी हळू आवाजात बोलतोय. मला बघताच दोघं गप्प झाले. मी तिला आत बोलावलं आणि सांगितलं, सकाळी पॅसेंजरनंच जायचं, मी सोबत येतोय. ती "बरं" म्हणाली. एवढ्या सहज ती कधी बरं म्हणत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

सकाळी उठलो तर मुलगी घरात नव्हती. बायको चहा गाळत म्हणाली, "मैत्रिणीकडनं झेरॉक्स आणाय गेलीया. सरळ स्टेशनात येणार हाय." मी चहा प्यायलो. मिस्ड कॉल आला तसा छत्री घेऊन निघालो आणि जाताना गँगमनच्या बंद दाराकडं बघून मनातल्या मनात हसलो.

स्टेशनात मुलगी नव्हती. तिचा फोन बंद. गाडी मागच्या स्टेशनातून निघाली होती, म्हणजे वीस मिनिटांत यायला हवी. वीसची चाळीस झाली. भोंगा म्हणाला, रुळावर पाणी आल्यानं गाडी वाटेत थांबवली आहे. साडेसात झाले. मुलगी नाही आणि गाडीही नाही. फलाटावर लोक कन्नड-मराठीत एकाच सुरात रेल्वेला शिव्या घालत होते आणि माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. बापाच्या डोक्यात जे येतं ते सगळं आलं, आणि त्यातलं निम्मं मी इथं लिहिणार नाही.

तेवढ्यात रुळांवरनं गँगमन आला. ओलाचिंब, खांद्यावर फावडं, मध्यरात्रीपासून मोरीवर असावा असा चेहरा. मी सरळ त्याची गचांडी धरली. "पोरगी कुठंय?"

"सोलापुरात पोचली असंल की," तो म्हणाला. "पाचच्या जीपनं धाडलंय. पुतण्याला सांगितलंय, गेटात शिरंपत्तोर हलू नगंस."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगनार हुतो. पोरीनं शपथ घातली." त्यानं माझा हात हळूच बाजूला केला. "व्हय अण्णा, आन् तुमी तरी जाऊ दिलं असतंत का?"

मी तिथंच बाकावर बसलो. मला त्याची माफी मागायची होती, पण मी छत्रीचं पाणी झटकत राहिलो. तो पाणी प्यायला आणि पुन्हा मोरीकडं गेला.

संध्याकाळी मुलगी आली. पेपर चांगला गेला होता. जेवताना मी म्हणालो, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आप्पा. मग मी भांडले असते. रडून पेपर लिहिता येत नाही मला."

"आणि पहाटेच्या अंधारात एकटी गेलीस जीपपर्यंत?"

तिनं आईकडं पाहिलं. बायको भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

"एकटी नव्हते," मुलगी म्हणाली. "आई आली होती."

म्हणजे बायको भर पावसात पोरीला जीपमध्ये बसवून आली होती, ओलं लुगडं बदलून चुलीपुढं बसली होती आणि मग माझ्या तोंडाकडं बघत तिनं मला तो चहा दिला होता. बावीस वर्षं मी अख्ख्या रेल्वेवर संशय घेतला. माझ्याच घरातल्यांना मला वळसा घालून जायची सवय झाली आहे, हा संशय मला एकदाही आला नव्हता.