करडईच्या तेलाची वाटी

ब्रेकचे पॅड निवडायला मला अडीच महिने लागले. आमच्याकडं एवढ्या वेळात लग्न जमतं, लागतं आणि मुलगी रुसून माहेरी परतही येते. पण मी पडलो भौतिकशास्त्राचा मास्तर. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत अकरावी-बारावीचे क्लास घेतो. कुठलीही गोष्ट मुळापासून समजून घेतल्याशिवाय करायची नाही, असा माझा तोरा होता. आता नाही.

गाडी जुनीच होती. पुण्याहून आणलेली, दोन दारांची, लाल, आणि इतकी बुटकी की गावातले लोक विचारायचे, "सर, गाडी उभी हाय का बसलीय?" प्रत्येक स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. घरात आम्ही तिघंच, मी, आई आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर शेती केलेला माणूस. खुरपं असो की कुऱ्हाड, लोखंडाची वस्तू पुसून तेल लावून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

एकदा येडशीच्या घाटात उतरताना ब्रेक तापले. पाय खोल जायला लागला, जळका वास आला. गाडी थांबली, पण पुढच्या ट्रकच्या अगदी पाठीशी. त्याच दिवशी ठरवलं, पॅड बदलायचे. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरतात, ते हे पॅड. सगळा खेळ घर्षणाचा.

मग मी जो काही अभ्यास केला, तो एम.एस्सी.लाही केला नव्हता. कंपनीचे मूळचे पॅड शांत आणि टिकाऊ, पण घाटात दम सोडणारे. शर्यतीचे पॅड कितीही तापले तरी धरतात, पण थंड असताना आळशी, वर डिस्क खातात आणि किंचाळतात. शिवाय या दोन्हींच्या मधले आणखी आठ-दहा. फोनवर अशाच गाड्यांच्या हौशी लोकांचा एक ग्रुप होता. तिथं मी अनोळखी माणसांना पानंच्या पानं लिहून समजावत बसायचो. जीव शर्यतीच्या पॅडवर गेला होता. भानावर आणलं ते धाराशिवच्या मिस्त्रींनी.

"सर, तुमी शर्यतीला जाणार हाव का दूध आणायला?" हात पुसत ते म्हणाले. "घाट आठवड्यातून एकदा, घरचं गेट रोजचं. सकाळी थंड गाडी काढली की पयल्या पायाला धरलं पायजे."

त्यांचं पटलं. मी मधले घेतले, घाटात टिकणारे आणि थंड असतानाही पहिल्या पायाला धरणारे.

खोकं आलं तेव्हा अण्णा ओसरीवर होते. त्यांनी एक पॅड उचलला, उलटासुलटा करून बघितला.

"ह्ये काय हाय रं?"

"पॅड. ब्रेकचे."

"म्हंजी, ब्रेक लागतो कसा?"

त्या वेळी मी फोनवर नागपूरच्या कुणा माणसाला नेमकं हेच लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "तुम्हाला नाही कळायचं, अण्णा."

"व्हय. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. पॅड होता तसा खोक्यात ठेवला आणि बैलांकडं गेले.

मिस्त्रींनी पॅड बसवले. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मी पहाटे हायवेवर गाडी पळवायची, ब्रेक दाबून हळू करायची, पुन्हा पळवायची, असं पंधरा-वीस वेळा केलं. तेरखेड्याच्या अलीकडचा चहावाला ते बघत उभा होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "सर, काय पडलं का? हुडकायलाव का कायतरी?" मी हसलो. गाडी पाय ठेवताच थांबत होती. एखादी गोष्ट शंभर टक्के बरोबर निवडल्याचा तो आनंद मला आयुष्यात पुन्हा मिळायचा नाही.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी अवजारांची पूजा असते आणि अवजारांत गाडीही आली. आदल्या संध्याकाळी मी ती धुऊन काढली. उघड्या लोखंडाच्या डिस्कवर पाणी राहिलं की सकाळपर्यंत तांबूस गंज चढतो. पहिला ब्रेक दाबला की तो निघूनही जातो. हे मला माहीत होतं. अण्णांना कोण सांगणार?

सकाळी अण्णा अंगणात विळे, खुरपी, कुऱ्हाड मांडून बसले होते. शेजारी करडईच्या तेलाची वाटी, हातात चिंधी. मी वर गच्चीवर होतो, फोनवर ग्रुपमध्ये. खाली बघितलं तर अण्णा गाडीच्या चाकाशी उकिडवे बसलेले. पुसत असतील, असं वाटलं. एरवी मी त्यांना गाडीला बोट लावू देत नसे. त्या दिवशी म्हटलं, सण आहे, पुसू देत. पहिल्यांदाच मी त्यांना हाकललं नाही.

पूजा झाली. आईनं गाडीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. आमच्या अंगणाला गेटाकडं उतार आहे. आई तबक घेऊन गेटाशी जाऊन उभी राहिली. लिंबं चिरडून गाडी पुढं घ्यायची, तिथं थांबवायची, अण्णांना बसवायचं आणि देवळापर्यंत जाऊन यायचं, एवढाच बेत होता. मी गाडी सोडली. लिंबं फुटली. ब्रेकवर पाय ठेवला.

पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट होतं आणि गाडी चालतच होती. मी आणखी जोरात दाबलं. हँडब्रेक आठवला तोवर आई गाडी आणि गेटाच्या खांबामध्ये होती. वेग माणसाच्या चालण्याइतकाच. तबक आधी पडलं, मग आई. ती ओरडलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "आरं, थांब की."

खुब्याचं हाड मोडलं होतं. सोलापूरला ऑपरेशन झालं. रोज शेतात जाऊन येणारी माझी आई आता वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाते, तेही कुणीतरी मागं असेल तर.

आई दवाखान्यात असतानाच गाडी मिस्त्रींकडं ओढून नेली. त्यांनी चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं, वास घेतला आणि ते बोट माझ्यापुढं केलं.

"सर, ह्यो गाडीतल्या ऑइलचा वास न्हाय," ते म्हणाले. "ह्यो सैपाकघरातला हाय."

करडईचं तेल. चारही चाकांना, आतून-बाहेरून, चाकांच्या फटींतून हात पोचेल तिथपर्यंत, मन लावून लावलेलं. पॅड तेल पिऊन काळे पडले होते.

त्याआधी बारा वर्षं मी अकरावीला घर्षण शिकवताना हाच प्रश्न विचारत आलो होतो, ब्रेकच्या डिस्कवर तेल सांडलं तर काय होईल? मागच्या बाकावरची पोरंसुद्धा एका सुरात ओरडायची, "गाडी थांबणार न्हाय, सर!" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेकडो पोरांना सांगितलं, नागपूरच्या माणसाला सांगितलं. ओसरीवर स्वतःहून विचारणाऱ्या बापाला दोन मिनिटं दिली नाहीत. ती दोन मिनिटं दिली असती तर आई चालत असती. रोज सकाळी हेच वाक्य डोक्यात घेऊन उठतो.

मिस्त्रींना मी हात जोडले, कुणाला सांगू नका म्हणालो. घरी सांगितलं, पॅडच चुकीचे निवडले गेले, थंड गाडीला धरत नव्हते. अण्णांनी ते खरं मानलं. "त्या मिस्त्रीनं माझ्या पोराला येड्यात काढलं," असं ते भर बाजारात बोलले. आमच्या गावच्या गाड्या मिस्त्रींकडं जायच्या थांबल्या. मी माफी मागायला गेलो तर ते म्हणाले, "बोलू द्या सर. त्यांना कळलं तर त्ये जगतील का?" त्यांच्या दुकानाची बदनामी माझ्यामुळं झाली आणि ती धुऊन काढायचा मार्ग माझ्याकडं नाही. माझी निवड बरोबर होती, हेही मी कुणाला सांगू शकत नाही.

गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. विकायचा धीर होत नाही. यंदा घर्षणाचा धडा मी एका तासात उरकला आणि तो प्रश्न विचारलाच नाही.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. आईला खुर्चीत बसवून अंगणात आणलं होतं. अण्णांनी विळे, खुरपी मांडली, तेल लावलं. मग वाटी घेऊन उठले आणि शेडकडं निघाले.

"वरीस झालं उभी हाय. चाकातलं लोखंड गंजलं आसंल. मागल्या साली लावलं हुतं, तसंच लावतो जरासं."

"नको, अण्णा." माझा आवाज चढला.

ते थांबले. "कामून?"

एका वाक्याचं उत्तर होतं. वर्षभर ते माझ्या जिभेवर आहे. मी त्यांच्या हातातल्या वाटीकडं बघितलं. आईकडं बघण्याचं धाडस झालं नाही.

"तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणालो.

"व्हय. ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले आणि परत खुरप्यांपाशी जाऊन बसले.

आई खुर्चीतून माझ्याकडं बघत होती. "आसं तोडून बोलू न्हाय रं बापाला," ती म्हणाली. "चांगलं समजावून सांगावं."