पानमळ्याचा पेपर बाजारात वाटणारे सर

सरांनी संशोधन केलं नाही, हे धादांत खोटं आहे.

काल सरांच्या शोकसभेत कुणीतरी माइकवर तसं बोलून गेलं. सरांच्या मिसेस, आमच्या वहिनी, समोर होत्या म्हणून मी गप्प बसले. इथं बसणार नाही.

नव्वदच्या दशकात मी सरांच्या बॉटनी डिपार्टमेंटला नवीन लेक्चरर होते. निमगाव केतकीचे पानमळे तेव्हा मर रोगानं बसत चालले होते. बघता बघता हिरवी वेल काळी पडायची.

पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. देवघरासारखा मान. पण अनवाणी पायांचा चिखल या मळ्यातून त्या मळ्यात जायचा, आणि रोग त्या चिखलातच होता. सरांनी ते मायक्रोस्कोपखाली दाखवून दिलं.

उपाय साधा. शिरताना पाय धुवायचे, रोगट वाफ्याचं पाणी पुढं सोडायचं नाही.

पेपर इंग्रजीत लिहून जर्नलला पाठवला. तो छापून आला की सरांना बढती मिळणार, लेक्चररचे रीडर होणार, हे ठरल्यासारखंच होतं.

अख्खा पावसाळा गेला. जर्नलचं उत्तर एकच, 'अंडर रिव्ह्यू'.

एक दिवस मळेवाले तात्या कॉलेजात आले.

"सर, रोग कशानं पसरतो ते तुमाला कळलंय म्हनं. मग सांगत का न्हाय?"

"आधी छापून यायचंय, तात्या."

"कुठं? हितं मिळंल का ते?"

"पुण्यात. लायब्ररीत."

"तवर मळा थांबंल व्हय?"

सर उठले. त्याच दुपारी सगळं मराठीत लिहून सायक्लोस्टाइल केलं. आठवडे बाजारात आम्ही दोघांनी उभं राहून वाटलं. एसटीच्या कंडक्टरांनी गठ्ठे पार लोणी भापकरपर्यंत नेले.

जर्नलला कुणीतरी कळवलं. पेपर परत. मजकूर आधीच प्रसिद्ध झालाय, सबब घेता येत नाही.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "अहो, जरा दम धरला असता तर काय गेलं असतं?"

"निमगावचे मळे गेले असते," सर म्हणाले.

रीडरची पोस्ट गेली ती गेलीच. लेक्चरर म्हणूनच रिटायर झाले. सगळे मळे वाचले नाहीत, पण तात्यांचा वाचला, आणखीही पुष्कळ वाचले.

आज जर्नल नेटवर फुकट वाचता येतात, झटपट छापतात. त्याला 'ओपन ॲक्सेस' म्हणतात, त्यावर एसी हॉलमध्ये सेमिनार होतात. आमच्या सरांना त्याचीच शिक्षा झाली. मला त्याचा अजून राग येतो आणि तो मी सोडणार नाही.

ही पोस्ट कॉपी करा, माझं नाव काढून कुठंही लावा. मला विचारू नका.

सर, या आता. मला तुम्ही कायम 'मॅडम' म्हणायचात, त्या मॅडमचा नमस्कार.