सोड म्हणायचं राहिलं

माझी ताई इको करते, म्हणजे लोकांची हृदयं बघते. खोलीत अंधूक उजेड, खिडकीला जाड पडदा आणि स्क्रीनवर राखाडी काहीतरी उघडझाप करतंय. बावीस वर्षं तेच बघून ती बाहेरच्या उन्हातही अर्धवट झोपेत असल्यासारखी चालते. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, छातीला जेल लावायचं आणि म्हणायचं, "श्वास धरा... सोडा." घरी भाजी चिरतानाही तिच्या तोंडून तेच निघतं. दाजी म्हणतात, "आमच्याकडे श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागतो." पण धरा म्हटलं आणि सोडा म्हणायला विसरली, असं कधी झालं नव्हतं.

मी तिचा धाकटा भाऊ. पोहणं शिकवतो. गेल्या महिन्यात व्हायरल ताप आला आणि चार दिवसांत गेला. पुढच्याच रविवारी तलाव पार करायची स्पर्धा होती, नऊ वर्षांत मी ती एकदाही चुकवली नव्हती. जिना चढताना मी मध्येच थांबतो, हे ताईने पाहिलं आणि माझा पिच्छाच पुरवला. डॉक्टरांची चिठ्ठीही तिनेच आणली. घरच्या माणसाचा इको दुसऱ्याने करायचा असा तिच्या हॉस्पिटलातला रिवाज, पण तिच्या जोडीला काम करणारी बाई रजेवर होती. मी धुसफुसतच जाऊन आडवा झालो.

"पंपिंग साठ टक्के. छान आहे."

"मग उठू?"

"गप पडून राहा."

तापातून उठलेल्या प्रत्येकाची ती एक जास्तीची मोजणी करते. हृदयाची भिंत दर ठोक्याला किती आखडते, ते तुकड्यातुकड्याने बघते. एकूण पंपिंग चांगलं असलं तरी भिंतीचा एखादा तुकडा अंग चोरत असतो, असं तिचं म्हणणं.

"श्वास धर."

धरला. पाण्याखाली होतात तसे सगळे आवाज लांब गेले. समोर माझंच हृदय हलत होतं आणि माझी त्याच्याशी ओळखच नव्हती. मग स्क्रीनवर त्या मोजणीची एक चकती उमटली, भिंत नीट आखडते तिथे गडद लाल, फक्त एका कडेला फिकट गुलाबी. ताईचा हात थांबला. मी वाट बघत राहिलो. ती सोड म्हणेना. शेवटी मीच श्वास सोडला. तिला कळलंही नाही.

"माझाच हात हलला असेल," म्हणत तिने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा कड फिकीच. मग कोणाची ते कळू नये म्हणून नाव काढून तिने ती चित्रं डॉक्टरांपुढे ठेवली. ते म्हणाले, "स्नायूला सूज दिसतेय. एमआरआय करून खात्री करू, पण तोवर पेशंटला पळणं, पोहणं, जोराचं काहीच करू देऊ नका. जोर पडला की हृदय दगा देऊ शकतं."

संध्याकाळी मी तिच्याशी कडाकडा भांडलो. एवढ्याशा गुलाबी कडेसाठी मी तलाव सोडायचा? ती वाद घालेना.

"तुला सोड म्हणायचं राहिलं रे माझं," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच राहिलं होतं. माझा हट्ट तिथेच गळून पडला. खरं सांगतो, मला भीती वाटली.

रविवारी आम्ही दोघं काठावर बसलो. माझी पोहायची टोपी खिशातच होती. शिट्टी झाली, सगळ्यांनी उड्या घेतल्या, नंतर बराच वेळ पाणी हलत राहिलं. ताई पाण्याकडेच बघत होती.

"श्वास सोड," ती म्हणाली.

मी धरलाय, हे मला तेव्हा कळलं.