अक्कासाठी उतरवलेला घेर

लिव्हर खराब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दारूची बाटली येते. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, जन्मात चहापलीकडे कसलं व्यसन केलं नाही. तरी भेटायला येणारी माणसं अशा सुरात चौकशी करायची, की एकेकाला दाराबाहेर काढावंसं वाटायचं. तिच्या लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं चरबी साठत गेली होती आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दंड काडीसारखे झाले होते आणि पोटात मात्र पाणी.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जवळच्या कुणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवावा लागेल. माझा रक्तगट जुळला. मी म्हणाले, आजच कापा. पण तपासणीत माझ्याही लिव्हरमध्ये चरबी निघाली. एका यंत्रावर अनवाणी उभं करून, दोन्ही हातांत दांड्या देऊन त्यांनी माझ्या अंगात चरबी किती, मांस किती, पाणी किती ते काढलं. "नुसतं वजन नाही, पोटाचा घेर उतरवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लिव्हरची चरबी उतरली तरच घेता येईल." इतकी वर्षं जे पोट मी खात्यापित्या घरचं म्हणून मिरवलं, त्याचा मला संताप संताप झाला.

मग सोनईतल्या माझ्या घरापासून अक्काच्या वस्तीपर्यंत रोज सकाळी पायी जायला लागले. आपल्याकडे बाई एकटीच भरभर चालताना दिसली की लोकांना वाटतं, हिच्या घरी काहीतरी बिनसलंय. दुधाच्या किटल्या लावलेला एक जण तर मोटारसायकल थांबवायचाच.

"बसा मागं, सोडतो."

"नको, चालायचंय मला."

"घरी भांडनबिंडन झालं का काय?"

एकदा मी त्याला चांगलंच झापलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थांबला.

अक्का वाट बघत बसलेली असायची. शिलाई मशीनच्या खणातली टेप ती स्वतः माझ्या पोटाला लावायची. आधी परकराची नाडी खाली सरकवायला लावायची. मी श्वास आत ओढला की चापट मारायची. "मला फसवतीस व्हय? डाक्टर फसंल का?" टेप तिच्या बोटांतून सटकायची, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. एका सकाळी टेपवरचा आकडा तिनं दोनदा बघितला. मग म्हणाली, "माझ्यापायी लई उपाशी राहतीस गं." मी म्हणाले, "तू बरी हो, मग दोघी मिळून ताटभर पुरणपोळ्या खाऊ." त्यावर दोघीही रडलो.

दुसऱ्या तपासणीत चरबी उतरलेली निघाली. पुण्याहून फोन आला तेव्हा मी अक्काच्याच खाटेवर बसले होते. "माझं लिव्हर चालतंय म्हणाले डॉक्टर," एवढंच मी तिला सांगितलं. तिनं माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि त्याआधीच तिच्या पोटातल्या पाण्यात जंतू झाले. ताप चढला. पुण्याला नेईपर्यंत ती मला ओळखेना. तिथंच ती गेली. माझं लिव्हर तयार होतं, आणि ते घ्यायला अक्का नव्हती. हे मी कितीतरी जणांना सांगत सुटले, जणू कुणी ऐकलं तर अजून काही करता येणार होतं.

माती झाली तेव्हा दिवस कलला होता. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारणीनं पिठलं-भाकरी करून आणली. अक्काची जाऊ माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बहिनीच्या काळजीनं पार वाळलीस बघ." शेजारीण वाढायला आली, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाले, "अर्धीच द्या."

हात तसाच राहिला. आता मी कितीही जेवले तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं.